पावणेदोन पिढीचे मौन

पिढ्यांचा हा घोळ आपण पंधरा दिवसांत कायमचा मिटवून टाकू, असे कोशकारांनी एका सोमवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून जाहीर केले. पत्नी शिवणयंत्रावर कुणाच्या तरी पडद्याला काठ लावत होती. तिने मान वर केली नाही. कोशकारांनी आजवर कायमचे मिटवलेले बहुतेक घोळ पुढे तिलाच निस्तरावे लागले होते.

घोळ मात्र खरोखर होता. शहराच्या संग्रहालयाने बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेल्या कुटुंबांचे प्रदर्शन योजले होते आणि त्यातली एक अख्खी भिंत कोशकारांच्या मंडळाला दिली होती. काम पाहणाऱ्या प्रदर्शनबाईंनी छायाचित्रांखालचा मजकूर तपासायला पाठवला. त्यात कोशकारांची मुलगी एका फलकावर 'पहिली पिढी' होती, शेजारच्या फलकावर 'दुसरी पिढी', आणि तिचा मुलगा 'तिसऱ्या पिढीचा स्थलांतरित' होता. या नातवाने जन्मापासून केलेले एकमेव स्थलांतर म्हणजे रुग्णालयापासून घरापर्यंतचे, तेही झोपेत.

कोशकार संतापले की त्यांचा आवाज चढत नसे, तळटिपा वाढत. बाईंना गेलेल्या पत्राला अकरा तळटिपा होत्या. आलेला माणूस पहिला की इथे जन्मलेला पहिला, एवढेही ज्यांना ठरवता येत नाही, ते या लोकांची शिरगणती कोणत्या तोंडाने करतात, असा त्यात एक नम्र प्रश्न होता. बाईंचे उत्तर दोन ओळींचे आले. व्याख्या आपणच कराव्यात. त्यानुसार बिल्ले छापून घेऊ, म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी जो तो आपापल्या पिढीच्या रांगेत उभा राहील आणि छायाचित्र छान येईल.

कोशकारांना व्याख्या करायला सांगणे म्हणजे भुकेल्या माणसाला 'बसता का जेवायला' असे विचारणे. त्यांनी आठवडाभर ग्रंथ उपसले. परदेशी पंडितांनी या कामी दशांश चिन्ह वापरून हात टेकले होते. एक पूर्णांक पंचवीस शतांश पिढी! ही काय माणसे मोजताय की औषधाचे थेंब? मराठीवर ही वेळ येणार नव्हती. ज्या भाषेने सव्वा, दीड आणि पावणेदोन हे शब्द भाजी घेता घेता घडवले, ती जणू याच कामासाठी जन्माला आली होती.

प्रौढपणी आला तो पहिल्या पिढीचा. तेरा ते सतरा या वयात आला तो सव्वा पिढीचा. सहा ते बारा, दीड. सहा पुरी होण्याआधी आला तो पावणेदोन. इथेच जन्मला तो दुसऱ्या पिढीचा, आणि तो स्थलांतरित नव्हे, हे वाक्य ठळक अक्षरांत. मंडळाच्या कचेरीतून सभासदांचे जुने अर्ज मागवून कोशकारांनी, चाळीस वर्षे शब्दांच्या केल्या तशा, माणसांच्या चिठ्ठ्या केल्या. वय कोणालाही तोंडी विचारायचे नाही, हा नियम पहिल्या दिवशी घालून घेतला. माणूस सांगताना विसरतो, लाजतो, मिरवतो. कागदाला या खोडी नसतात.

बातमी फुटायला दोन दिवस पुरले. पहिल्यांदा बेकरीवाले दोघे भाऊ आले. एकाच दिवशी, एकाच बोटीने आलेले. थोरला कागदावर तेरा वर्षांचा, धाकटा दहाचा.

"साहेब, थोरला मी," थोरला पिठाचे हात पाठीमागे धरून म्हणाला. "वडलांच्या मागं याला मी वाढवला. मला सव्वा, आणि या दिवट्याला दीड?"

हे वाटप नसून वर्गीकरण आहे, हे कोशकारांनी त्याला पाऊण तास समजावले. थोरल्याने शांतपणे ऐकून घेतले आणि निदान दोघांना सारखे करा, अशी विनंती करून तो गेला. मग टॅक्सीवाला आला. तो स्वतः तिशीत आलेला. त्याची आई मागाहून, अडुसष्टाव्या वर्षी. दोघेही प्रौढपणी आले, म्हणजे दोघेही पहिल्या पिढीचे. टॅक्सीवाल्याने तो कागद दोनदा वाचला.

"म्हणजे मी आणि आई एकाच पिढीचे?"

"शास्त्रानुसार, होय."

"मग वडलांना इथून पुढं भाऊजी म्हणू का?"

कोशकारांनी त्याची नोंद 'आक्षेप क्रमांक दोन' अशी केली. क्रमांक सतरापर्यंत त्यांची झोप उडाली नाही. उलट, लोकांना आपापले अपूर्णांक एवढे झोंबत आहेत याचा अर्थ व्याख्या मर्मावर बसली आहे, असे त्यांनी पत्नीला सांगितले. पत्नी म्हणाली की दीडशहाण्यांची पिढी कितवी धरायची, तेही एकदा ठरवून टाका.

आणि मग, चिठ्ठ्या वयानुसार लावताना, त्यांचा हात थांबला.

लहानपणी आलेले सभासद एकूण त्रेसष्ट. त्यांपैकी एक्केचाळीस जण पाच वर्षांचे असताना आले होते. चार वर्षांचे तीन, सात वर्षांचे दोन, पाच वर्षांचे एक्केचाळीस! कोशकारांनी चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. मग उठून खिडकी उघडली. आयुष्यात एकदाच हाती लागते असे काहीतरी हाती लागले होते. ज्या लोकांना अडाणी म्हणून हिणवले गेले, त्यांनी कोणत्याही पंडिताला न विचारता ओळखले होते की मूल हलवायचे तर पाचव्या वर्षी. मातृभाषा ओठांवर पक्की बसलेली असते आणि शाळा अजून लागलेली नसते. हे योगायोगाने होत नाही. हे अलिखित शहाणपण आहे. त्या रात्री जेवताना कोशकारांनी पाण्याऐवजी वरचेवर मीठच पुढे ओढले.

या एक्केचाळिसांत एक चिठ्ठी त्यांच्या मुलीची होती.

आता खरे सांगायचे तर हा सगळा उद्योग त्या एका चिठ्ठीसाठी होता, आणि हे कोशकारांखेरीज घरात सर्वांना ठाऊक होते. मुलगी याच शहरात राहायची, बस कंपनीत वेळापत्रके आखायची. एक रविवार सोडून एक रविवार, बरोबर चार वाजता यायची. सहा वाजता जायची. आईशी स्वयंपाकघरात बोलायची, वडिलांच्या खोलीत आली की दाराजवळच्या खुर्चीवर बसायची. अंगातला कोट क्वचितच उतरवायची. भांडण कसलेच नव्हते. भांडण असते तर कोशकारांनी त्याची कारणे, पोटकारणे आणि तळटिपा काढल्या असत्या. ती फक्त, वेळापत्रकात असलेल्या थांब्यावर थांबावे, तशी थांबायची.

कोशकारांच्या टेबलावर एक छायाचित्र होते. धक्क्यावरच्या छायाचित्रकाराने काढलेले. ते स्वतः आधी एकटे आले होते, मुलगी दोन वर्षांची असताना. तीन वर्षांत बस्तान बसवून त्यांनी दोघींना बोलावून घेतले. ही तीन वर्षे त्यांच्या प्रत्येक भाषणात येत. छायाचित्रात पत्नीच्या हाताला धरून मुलगी उभी होती, फ्रॉक आखूड झालेला, ओठ घट्ट मिटलेले. "किती वर्षांची झालीस गं?" असे त्यांनी तेव्हा वाकून विचारले होते. तिने ओठ न उघडता आईकडे पाहिले, मग पाच बोटे वर केली, आणि तोंडावर हात धरून म्हणाली, "पाच." ते म्हणाले होते, "शाब्बास."

त्या मिटलेल्या ओठांकडे कोशकार चौतीस वर्षे पाहत आले होते. त्या ओठांमागे काय असेल, हे त्यांनी मुलीला कधी विचारले नाही. विचारण्याची तजवीज मात्र शंभर वेळा केली. आता शास्त्राने हात दिला होता. 'पावणेदोन पिढीचे मौन' हा निबंध त्यांनी चार बैठकांत लिहिला. भाषा पक्की झाली असताना तोडलेले मूल नव्या किनाऱ्यावर ओठ मिटून उतरते; ते मौन भीतीचे नसते, प्रतिष्ठेचे असते; पुढे आयुष्यभर ते मूल माणसांत दाराजवळच्या खुर्चीवर बसते. उद्घाटनाला हे ती ऐकेल. ऐकल्यावर ती काय करेल, हे कोशकारांनी ठरवले नव्हते. त्यांना एवढेच हवे होते की तिने एकदा कोट काढून बसावे.

त्यांनी निबंध पत्नीला वाचून दाखवला. शिवणयंत्र थांबले.

"हे छापणार?"

"अर्थात."

"सगळ्यांपुढं वाचणार?"

"अर्थात."

ती काहीतरी सांगण्यासाठी थांबली आहे असे क्षणभर वाटले. पण तिच्या दातांत दोरा होता. तो तोडून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "मग कवळी नीट बसवून जा. भावना अनावर झाल्या की ती खडखडते तुमची."

उद्घाटनाच्या दिवशी संग्रहालयाच्या दालनात बिल्ल्यांची परडी फिरली. पहिली पिढी निळी, सव्वा हिरवी, दीड पिवळी, पावणेदोन केशरी, दुसरी पांढरी. जमिनीवर खडूने रांगा आखलेल्या. बेकरीवाले भाऊ आपापल्या रांगांतून एकमेकांकडे असे पाहत होते जणू मध्ये समुद्र आहे. टॅक्सीवाल्याच्या आईने मुलाशेजारी उभे राहून 'माझ्या पिढीचं माणूस' अशी त्याची सर्वांना ओळख करून दिली. केशरी रांग सर्वांत लांब होती आणि, कोशकारांच्या लक्षात न आलेली गोष्ट म्हणजे, सर्वांत अस्वस्थ.

मुलगी आली होती. कोट घालून, दाराजवळ उभी. तिने बिल्ला घेतला होता, लावला नव्हता.

कोशकार ध्वनिवर्धकापाशी गेले. त्यांनी पहिले पान वाचले, दुसरे वाचले, आणि तिसऱ्या पानावर एक्केचाळीस हा आकडा सांगून ते अभ्यासू माणसाप्रमाणे थांबले. "पाचवे वर्ष," ते म्हणाले. "केवळ पाचवे वर्ष. या शहाणपणाचा उगम काय?"

हा प्रश्न कोणालाही विचारलेला नव्हता. पण केशरी रांगेत कोणीतरी खोकले. मग कोणीतरी फिस्सकन हसले आणि ते हसू रांगेतून काडेपेटीला आग लागल्यासारखे धावत गेले. कोशकारांनी चष्म्यावरून पाहिले. शेवटी, दुसऱ्या कोणी सांगत नाही असे पाहून, टॅक्सीवाल्याने हात वर केला.

"साहेब, बोटीचा नियम होता. सहाव्या वर्षापासून तिकीट लागायचं."

कोशकारांनी तिसरे पान पुन्हा डोळ्यांसमोर धरले.

"पाचपर्यंत फुकट," टॅक्सीवाल्याने शक्य तितक्या आदराने पुढे जोडले. "म्हणून सगळेच पाचचे."

मग बांध फुटला. केशरी रांगेतल्या एका टक्कल पडलेल्या गृहस्थांनी आपण प्रत्यक्षात आठचे होतो असे सांगितले. एक बाई नऊची होती आणि तिला अख्खा प्रवास आईच्या कडेवर करावा लागला होता. आईचा खांदा अजून दुखतो. एकेक जण केशरी बिल्ला काढून परडीत टाकू लागला आणि पिवळा उचलू लागला. बेकरीवाला थोरला पुढे आला आणि त्याने उलटे पाप कबूल केले: कामावर लागता यावे म्हणून वडिलांनी त्याचे वय दोन वर्षे वाढवले होते; तो अकराचा होता. तो सव्वा नव्हता, दीडच होता, आणि धाकट्याच्या खांद्यावर हात टाकून तो पिवळ्या रांगेत जाऊन उभा राहिला. ती रांग मजेत दिसते म्हणून टॅक्सीवाल्याच्या आईनेही पिवळा बिल्ला मागून घेतला. पाच मिनिटांत सगळा समाज दीड झाला.

कोशकार हातात निबंध धरून उभे होते. एखाद्याने आयुष्यभर बांधलेले घर शेजाऱ्यांनी हसत हसत, पण कोणताही दुष्ट हेतू न ठेवता, विटांसकट घरी न्यावे, तसे ते दृश्य होते. तरी पंडित सहजासहजी शरण जात नाही. त्यांनी भिंतीवरच्या छायाचित्राकडे बोट दाखवले.

"बाकीच्यांचे मला ठाऊक नव्हते," ते म्हणाले. "पण ही तरी पावणेदोन पिढीची आहे. ही माझी मुलगी. तिला मी स्वतः धक्क्यावर विचारले आहे."

पुढच्या रांगेतल्या पत्नीने डोळे मिटले. दाराजवळून मुलगी पुढे आली. ती ध्वनिवर्धकापर्यंत आली नाही. दोन पावलांवर थांबली.

"बाबा, मी सात वर्षांची होते."

ती हे रागाने बोलली नाही. एखादी गाडी आज उशिराने धावते आहे, असे प्रवाशांना सांगावे तसे बोलली.

"कागदावर—"

"कागदावर आईनं पाच लिहिलं. तिच्याकडे एकाच तिकिटाचे पैसे होते."

"पण मी तीन वर्षांत तुम्हाला आणलं," कोशकार म्हणाले.

"पाच, बाबा."

त्यांनी खरोखरच बोटांवर मोजले. ती दोन वर्षे त्यांना आठवत नव्हती असे नव्हे. त्यांनी ती धरली नव्हती, एवढेच. दर पत्रात 'थंडी सुरू व्हायच्या आत बोलावतो' असे लिहिण्यात ती गेली होती. आणि ज्या काळात माणूस रोज उद्याच्या बेतात असतो, तो काळ मोजायचा नसतो, असा काहीतरी त्यांचा समज झाला होता. मुलगी वर्गात सर्वांत उंच होती. हा आपल्या घराण्याचा बांधा, असे ते शिक्षकांना सांगत असत.

"आणि तोंड?" त्यांनी विचारले. अजून एक तळटीप उरली होती. "तोंड मिटलेलं का आहे?"

"पुढचे दोन दात पडले होते. पाचव्या वर्षी पडत नाहीत ना कुणाचे. आई म्हणाली, तिकीटवाल्याला दिसतील. उतरेपर्यंत तोंड मिटून ठेव."

कोशकारांनी छायाचित्राकडे रोखलेले बोट खाली घेतले.

"पण मी विचारलं तेव्हा तू उतरली होतीस," कोशकार हळू म्हणाले. "धक्क्यावर. मी विचारलं तुला."

"आईनं सांगितलं होतं, कोणीही विचारलं तर पाच सांग." तिने छायाचित्राकडे पाहिले, त्यांच्याकडे नाही. "मला वाटलं, तुम्ही हसाल. म्हणाल, चल खोटारडे."

कोशकारांना उत्तर द्यायचे होते. ओठ हलले, आणि कवळी खडखडली. ध्वनिवर्धकाने ती सगळ्या दालनाला ऐकवली. त्यांनी तोंडाशी रुमाल नेला, पाठ फिरवली आणि कवळी काढून रुमालाची पुरचुंडी करून ते दोन्ही खिसे चाचपू लागले. एका खिशात निबंध होता, दुसऱ्यात तळटिपा. मुलीने हात पुढे केला. त्यांनी पुरचुंडी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती कोटाच्या खिशात टाकली आणि, खिसा जड झाला म्हणून असेल किंवा दालनात उकडत होते म्हणून असेल, कोट काढून हातावर घेतला.

प्रदर्शनबाईंनी छायाचित्र काढून घेतले. खडूच्या रांगा कोणीच पाळल्या नाहीत. पिवळे बिल्ले संपले होते, म्हणून मुलीने आपला केशरीच लावला. छायाचित्रात सगळे तोंडभर हसत आहेत. एकट्या कोशकारांचे तोंड घट्ट मिटलेले आहे. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते भिंतीवर लावले आणि त्याखाली, आपण काहीतरी शिकलो या समाधानाने, मजकूर दिला: 'पहिल्या पिढीचे मौन'. कोशकारांनी हरकतीचे पत्र लिहिले. त्यात एकही तळटीप नव्हती. ते त्यांनी पाठवले नाही.

पण ही गोष्ट तिथे संपत नाही, कारण कवळी मुलीच्या कोटात राहिली होती आणि तिची पुढची पाळी येता रविवार सोडून त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे तेरा दिवसांनी होती.

कोशकारांनी दुधात कालवलेला पाव खायला सुरुवात केली. फोन करून मागवून घ्या, असे पत्नीने दोनदा सुचवले. त्यांनी मान हलवून नकार दिला. तिला सवडीने येऊ दे; माणसाला थांबता आले पाहिजे. चौथ्या दिवशी ते बोलताना बरेच स्पष्ट बोलू लागल्याचे पत्नीला जाणवले. पाचव्या दिवशी तिने घरातली बदामाची बरणी तपासली; ती निम्मी झाली होती.

रविवार उजाडला, मुलीच्या पाळीचा नव्हता. चार वाजायला दोन मिनिटे असताना खालच्या दाराची घंटा वाजली. पत्नीने शिवणयंत्र थांबवले, खिडकीतून खाली पाहिले आणि पडदा सोडला. खाली मुलगी उभी होती. कोट नव्हता, हातात रुमालाची पुरचुंडी होती. कोशकार घाईघाईने उठले, कपाटाशी गेले, परत फिरले, आणि खोलीच्या मधोमध अपराध्यासारखे उभे राहिले.

पत्नी वाटी घेऊन त्यांच्यापाशी आली.

"ती जुनी कवळी काढा आता," ती म्हणाली. "आणि वर येईपर्यंत तोंड मिटून ठेवा."